एकशे सात नंबरच्या बिया

दोनशे अकरा बिया होत्या. मीच मोजल्या होत्या, दोनदा, आणि वहीत आकडा लिहून खाली सहीही ठोकली होती. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला सही करायला फार आवडतं. तर त्या दोनशे अकरा बिया मी मारल्या. माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, मारल्या काय म्हणतेस, चूक झाली म्हण." तिला सांगितलं, चूक म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारण्यात माझा जन्म गेलाय.

वर्षावनांचा धडा मी एकतीस वेळा शिकवला. फळ्यावर हिरव्या खडूनं उंच झाडं, मधली झाडं, झुडपं आणि वेली काढायचे, खाली बाण मारायचे आणि पोरांना पाठ करायला लावायचे. जंगलात पाय मात्र कधी ठेवला नव्हता. निवृत्त झाल्यावर एक दिवस जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता वनस्पतिशास्त्रात पुढचं शिकत होती. "बाई, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. जंगलातच राहायचं, हातानं काम करत शिकायचं. वयाची अट नाही. येता का माझ्याबरोबर?" मी म्हटलं, येते की. माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून त्यांना विचारलं नाही.

ही मुलगी सातवीत माझ्या वर्गात होती. सारखा हात वर. बाई असं का, बाई तसं का नाही. शंकासुर हे नाव मीच ठेवलं तिला, आणि ते इतकं चिकटलं की इथे जंगलातही सगळे तिला शंकासुरच म्हणत. खरं तर आता ती अजिबात तशी नव्हती. खाली मान घालून काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची. मी इतरांना कौतुकानं सांगायचे, माझ्या हाताखालून गेली ना, एकदम वळण लागलं बघा.

लेकीच्या घराचं सामान हलवायचं होतं, म्हणून मी चार दिवस उशिरा पोचले. बाकीच्यांचे पहिले चार दिवस खोलीतल्या शिकवण्याचे होते आणि ते माझे बुडाले. ताई म्हणाल्या, "हरकत नाही बाई, तुमचं बरंचसं झालेलंच असेल." मी मान डोलावली. माझं काय बुडणार, असंच मला वाटलं होतं.

ताई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. पंचेचाळिशीच्या, बारीक, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचं केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत. एका टोकाला स्वयंपाकघर, मध्ये झोपायची खोली, दुसऱ्या टोकाला कामाची खोली. इतकी दमट हवा मी आयुष्यात पाहिली नव्हती. रात्री काढून ठेवलेल्या बुटांना सकाळी पांढरी दाढी आलेली असायची. म्हणून कामाच्या खोलीत एक उबेचं कपाट होतं. लाकडी, आत जाळीचे कप्पे, तळाला चार मोठे दिवे. अभ्यासासाठी आणलेल्या फांद्या-पानं कागदात दाबून त्यात वाळवायची, नाहीतर तीन दिवसांत कुजून जायची. पहिल्याच दिवशी ते कपाट मला आवडलं. सगळ्या जंगलात तेवढीच एक कोरडी, शहाणी जागा वाटली मला.

काम मात्र मनापासून आवडलं. दोरीचा चौकोन टाकायचा आणि त्यातलं प्रत्येक रोप मोजायचं. छातीच्या उंचीला टेप लावून झाडांचा घेर घ्यायचा. एका जागी दोन तास बसून कोण काय खायला येतं ते लिहायचं. जळवा पायावरून वर चढायच्या आणि मी त्यांना वर्गातल्या वात्रट पोरांसारखी दटावायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्या नोंदवह्या माझ्याकडे आल्या. साठीला टेकलेली मी, विशीतल्या पोरांच्या पुढे धावत होते, आणि मला त्याचा गर्व होता हे कबूल करून टाकते.

आता झाडाचं सांगते. इथल्या प्रत्येक मोठ्या झाडाला पत्र्याची चकती आणि नंबर आहे. एकशे सात नंबरचं झाड ओढ्यापलीकडच्या उतारावर उभं आहे. ताईंनी शेजारची दोन्ही खोरी पालथी घातली, पण त्या जातीचं दुसरं झाड त्यांना सापडलं नाही. आजूबाजूला त्याचं एक रोपही नाही. बुंध्याला माणूस आत उभा राहील एवढी पोकळी पडलीय. अकरा वर्षांपूर्वी ते एकदा फळलं होतं, तेव्हा ताई नवीन होत्या, आणि सगळी फळं माकडं आणि खारी खाऊन गेली. त्यानंतर अकरा वर्षं ताई वाट बघत होत्या. यंदा ते पुन्हा फुललं. दोरवाला, म्हणजे दोर लावून झाडांवर चढणारा माणूस, बहरापासून तीनदा वर जाऊन फांद्यांना जाळ्या बांधून आला होता. खाली उतरून तो म्हणाला, "ताई, वरची अर्धी फांदी मेलीय. पुढच्या बहराला हे झाड असेल असं मी काही छातीठोक सांगत नाही."

एका सोमवारी फळं उतरवली. शेवटचं फळसुद्धा वर ठेवलं नाही. आम्ही सगळ्यांनी गर सोडवून बिया धुतल्या. सुपारीएवढ्या, तपकिरी, हाताला थंड आणि जड. ओल्या भुशाच्या खोक्यात थर लावून पडवीत ठेवल्या. रोपवाटिका बघणारे काका त्या आठवड्यात घरी गेले होते, त्यांच्या मुलीला बाळ झालं होतं. ते आले की गुरुवारी पेरायच्या असं ठरलं. त्या संध्याकाळी ताई जेवताना हसत होत्या. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मंगळवारी सकाळी ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून लंबू घसरला. आमच्यातला सगळ्यांत उंच मुलगा, म्हणून लंबू. मनगट पार वाकडं झालं. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. ताई जीप चालवायला बसल्या, दोरवाला लंबूला धरून मागे. बाकीची मुलं वरच्या तळावर पक्षी मोजायला गेली होती, शुक्रवारी परतणार होती. केंद्रात उरलो मी आणि शंकासुर. जीप चालू असतानाच ताईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बाई, बिया तुमच्यावर सोपवतेय. बुरशी लागू देऊ नका, बस्स. बाकी काका येऊन बघतील."

एवढंच म्हणाल्या. त्यांना वाटलं, पुढचं मला माहीत आहे. इथे ते सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून तर खोक्यावर नंबर आणि तारखेपलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं.

दुपारी मी खोकं उघडलं, आणि तीन बियांवर पांढरे धागे. ताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ती अकरा वर्षं डोळ्यांपुढे आली. बुरशी कशानं येते? ओलाव्यानं. बी टिकवायचं तर काय करायचं? कोरडं करायचं, हवाबंद ठेवायचं. सातवीचं पुस्तक, पाचवा धडा, प्रश्न दुसरा. मी खोकं उचललं आणि कामाच्या खोलीकडे निघाले.

शंकासुर टेबलाशी पानं चिकटवत होती. मी कपाटाचे कप्पे रिकामे करायला लागले तशी ती उठली.

"बाई, काय करताय?"

"बुरशी धरलीय. वाळवते."

ती दोन पावलं पुढे आली. "वाळवायच्या का पण? काकांची वाट बघू या का?"

"गुरुवारपर्यंत? तोवर सगळं खोकं पांढरं होईल."

"टेकडीवर जाऊन ताईंना फोन लावते मी. तिथे लागतो फोन."

"अगं, त्या पोराचा हात मोडलाय, त्या गाडी चालवताहेत. त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला? ताईंनी माझ्यावर सोपवलंय ना?" आणि मग मी ते बोलले. "सातवीत काय शिकवलं होतं गं मी तुला? बी कसं ठेवायचं?"

तिनं खोक्यातल्या बियांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोरडं."

"मग?"

तिनं मान खाली घातली आणि कप्पे रिकामे करायला मला मदत केली. बिया एकेक करून जाळीवर मांडल्या आम्ही, एकमेकींना लागणार नाहीत अशा. मी दिवे लावले. ती कपाटापाशी जरा वेळ उभी राहिली, मग परत पानं चिकटवायला गेली. मी रात्री गाढ झोपले. जबाबदारी नीट पार पाडलेल्या माणसाची झोप होती ती.

गुरुवारी सकाळी काका आले. साठी ओलांडलेले, पायांनी अधू, हातात नातीसाठी कुणीतरी दिलेलं टोपडं तसंच विसरून राहिलेलं. पडवीत परत आणून ठेवलेलं खोकं रिकामं बघून ते थबकले. मी आतून दोन काचेच्या बरण्या घेऊन आले. घट्ट झाकणं, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं मोत्यासारखं अक्षर. झाड क्रमांक एकशे सात, बिया दोनशे अकरा.

"बघा काका, एकीलाही बुरशी नाही."

काकांनी बरणी हातात घेऊन हलवली. आत बिया खडखडल्या. तो आवाज ऐकून ते पायरीवर बसले.

"कपाटात घातल्या?"

"हो. मंगळवारी दुपारपासून."

"बाई," ते म्हणाले, "ह्या बिया वाळवत नाहीत."

मी काय करावं? मी वाद घातला. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, पण घातला. बी म्हणजे बी, काका, एकतीस वर्षं शिकवलंय मी. धान्याच्या बिया आपण वाळवूनच ठेवतो की नाही? काकांनी मला बोलू दिलं. खिशातून चाकू काढला, एक बी पायरीवर ठेवली आणि कापली.

"कोरड्या मुलखातल्या बिया झोपून राहतात. इथल्या झोपत नाहीत. झाडावरून पडल्या की लगेच उगवायला निघतात, त्यांना वाट बघणं ठाऊकच नाही. आत पाणी आहे तोवर जीव. पाणी गेलं की संपलं." बीचे दोन्ही भाग त्यांनी माझ्यापुढे धरले. "आत पांढरी, टणक, ओली दिसायला हवी होती."

आत तपकिरी होतं. आक्रसलेलं, सालीपासून सुटलेलं. मी म्हटलं, दुसरी कापा. दुसरीही तशीच. तिसरी. आठवी. अकरावी कापून झाल्यावर मी त्यांचा हात धरला, कारण आणखी कापून काही उपयोग नव्हता आणि मला ते बघवत नव्हतं.

"बुरशी आली तर मग करायचं काय?" मी विचारलं.

"फडक्यानं पुसायची. भुसा बदलायचा."

फडक्यानं पुसायची. पाच मिनिटांचं काम. मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. मागे दारात शंकासुर उभी होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बिचारी घाबरली.

ताई शुक्रवारी संध्याकाळी येणार होत्या. म्हणजे माझ्याकडे दीड दिवस होता. मी काकांना म्हटलं, जाळ्या बांधायच्या आधी काही फळं खाली पडली असतीलच. काका म्हणाले, पडली असतील, पण उंदीर, साळिंदरं, किडे, कोण ठेवतंय. मी म्हटलं, एक तरी. मला एकच द्या.

आम्ही तिघं गेलो. मी शिकलेली पद्धत लावली, दुसरं मला काय येत होतं? उताराच्या तळाकडून बुंध्याकडे दोरीचे चौकोन आखले, एकेका चौकोनातला पालापाचोळा हातानं उचलून चाळणीत घेतला, चाळला, बाजूला टाकला. काका उतारावर बसून चाळायचे, मी आणि शंकासुर गुडघ्यांवर. पहिल्या वीस चौकोनांत फक्त टरफलं. दातांनी कुरतडलेली, रिकामी. पुढच्या वीसांत सात बिया, सातही बियांना टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत किड्याचा भुगा. पाऊस आला आणि गेला, पुन्हा आला. जळवा मानेपर्यंत चढल्या, मी त्यांना काही बोलले नाही. अंधारून आल्यावर काकांनी मला जवळजवळ ओढत परत नेलं.

शुक्रवारी उजाडताच पुन्हा. देवाला मी शाळेच्या निकालापलीकडे कधी त्रास दिला नव्हता, त्या दिवशी दिला. गुडघे सुजून लाल झाले होते. दर चौकोनाला स्वतःला सांगायचे, ह्यात असेल. शंकासुरच्या नखांतून रक्त येत होतं तरी ती थांबत नव्हती. मी म्हटलं, "तू बस जरा, तुझी काय चूक गं?" तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कळेना ही अशी का बघतेय.

दुपारी, एकशे बाराव्या चौकोनात, झाडाच्या पोकळीच्या तोंडाशी, मला बी सापडली. अख्खी. भोक नाही, दाताची खूण नाही. जड वाटली. खरं सांगायचं तर जड वाटावी असं मला वाटत होतं. मुठीत धरून मी उतारावरून घसरत काकांपाशी आले. "काका! काका, बघा!" मी रडत होते आणि हसत होते.

काकांनी ती उलटसुलट केली. मग बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं. "बुडली तर चांगली," म्हणाले. आम्ही तिघांनी डब्यावर डोकी झुकवली. त्यांनी बी अलगद पाण्यात सोडली.

ती तरंगली. मी बोटानं दाबली, पुन्हा वर आली. मी परत दाबली. "असू दे बाई," काका म्हणाले, आणि चाकूनं ती कापली. आत एक पांढरी गुबगुबीत अळी होती, झोपलेली, आणि बीमधलं सगळं खाऊन झालेलं होतं.

मी तिथेच चिखलात बसून राहिले. डोक्यावर एकशे सात नंबरचं झाड होतं आणि मला वर बघायचं धैर्य नव्हतं.

संध्याकाळी जीप आली. लंबू दवाखान्यात, दोरवाला त्याच्यापाशी, ताई एकट्याच. बूटही न काढता त्या सरळ पडवीत खोक्याकडे गेल्या. मी त्यांच्या आणि खोक्याच्या मध्ये उभी राहिले. सगळं एका दमात सांगितलं. कारणं द्यायची नाहीत असं ठरवलं होतं आणि मी दिली नाहीत. एवढं एकच काम मी त्या आठवड्यात नीट केलं.

ताईंनी विचारलं, "किती तास?"

"चाळीस."

"दिवे चारही?"

"चारही."

त्यांनी बरणी घेतली, हलवली नाही. टेबलाशी बसून एकशे सात नंबरची वही उघडली, अकरा वर्षांची जाड वही, आणि त्यात लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. डोळे पुसले, पुन्हा लिहिलं. त्या मला बोलल्या असत्या, खडसावलं असतं, हाकलून दिलं असतं, तर मी त्यांचे पाय धरले असते. मग त्यांनी मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. दारात शंकासुर उभी होती.

"तू होतीस तेव्हा?"

"हो ताई."

"तिसऱ्या दिवशी मी हेच शिकवलं होतं. दिवसभर हेच. तू वहीत लिहिलं होतंस."

"हो."

मी ताईंवरून नजर तिच्याकडे वळवली. मला काही कळत नव्हतं, आणि मग एकदम कळलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. "हो बाई."

"मग बोलली का नाहीस?" ताई अजूनही आवाज न चढवताच म्हणाल्या. "दोनशे अकरा बिया होत्या गं."

शंकासुर रडायला लागली. मोठ्यानं नाही, शाळेत पोरं रडतात तशी, आवाज गिळून. "बोलायला गेले होते ताई. पण बाईंपुढे... मला बाईंपुढे बोलताच येत नाही."

ते ऐकून माझ्यात काहीतरी तुटलं. बियांपेक्षा वाईट, हो, बियांपेक्षाही. कारण मला कोळी आठवला. सातवीच्या वर्गात, घाईघाईत, मी फळ्यावर कोळ्याचं चित्र काढलं होतं आणि त्याला सहा पाय काढले होते. हिनं हात वर केला. "बाई, कोळ्याला आठ पाय असतात." वर्ग हसला. मला माहीत होतं की ती बरोबर आहे. तिथल्या तिथे दोन पाय वाढवायचे की नाही? मी तिला म्हटलं, फार शहाणी झालीस, जा, बाहेर उभी राहा. अख्खा तास ती व्हरांड्यात उभी होती. सहा पायांचा कोळी घंटा होईपर्यंत फळ्यावर तसाच होता आणि पोरांनी तो तसाच वहीत उतरवून घेतला. त्यानंतर हिनं माझ्या वर्गात कधी हात वर केला नाही. वर्षाअखेरीस तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, वर्तनात समाधानकारक सुधारणा. खाली सही.

हे मी ताईंना सांगितलं, तिच्यासमोर. म्हटलं, ताई, तिला काही बोलू नका, तिचं तोंड मीच शिवून ठेवलं होतं. ताईंनी वही मिटली. "बाई," त्या थकून म्हणाल्या, "आता हे ऐकून मी काय करू?" आणि बूट काढायला बाहेर गेल्या. त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतंच.

अभ्यासक्रमाचे तीन आठवडे उरले होते. मी निघून गेले नाही. निघून जाणं सोपं झालं असतं. मी काकांना म्हटलं, मला त्या पेरायच्या आहेत. काका म्हणाले, पेरा. कापलेल्या सोडून बाकीच्या दोनशे मी वाफ्यात लावल्या, बोटभर खोल, ओळीनं. काका म्हणाले होते की चांगली बी असेल तर बाराव्या दिवसाच्या आत वर येते. रोज सकाळी मी वाफ्यापाशी बसून वहीत लिहायचे, उगवलेली रोपं, शून्य. सही करायचं मी सोडून दिलं. बारावा दिवस गेला. तेरावा गेला. ताई रोज तिथून जायच्या, एक नजर टाकायच्या आणि पुढे व्हायच्या. अठराव्या दिवशी दोरवाला झाडावर जाऊन आला आणि म्हणाला, वर एक कळीही नाही. ते अपेक्षितच होतं.

शंकासुर माझ्याशी बोलत होती, पाणी हवंय का, चाळणी देऊ का, एवढंच. मी तिची माफी मागितली होती. ती "असू दे बाई" म्हणाली होती, आणि ते मान खाली घालूनच म्हणाली होती.

एकविसाव्या दिवशी, शेवटच्या सकाळी, बाकीचे सामान बांधत होते. मी झारी भरून वाफ्यापाशी आले. दूरच्या कोपऱ्यात मातीला तडा गेल्यासारखा वाटला, म्हणून मी गुडघ्यांवर वाकून बघत होते. गांडूळ होतं. मी उठले आणि झारी उचलली.

"बाई."

ती मागे उभी होती. तिच्या तळहातावर एक बी होती, तिनंच वाफ्यातून उकरलेली, दोन तुकडे झालेली, आतून काळी आणि मऊ पडलेली.

"बाई, थांबा आता," ती म्हणाली. ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुम्ही चुकताय. ह्या मेल्या आहेत. कितीही पाणी घातलंत तरी मेलेल्याच आहेत."

मी तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांनी तिनं माझी चूक दाखवली होती, आणि ह्या वेळीही तिचं बरोबर होतं. मी झारी खाली ठेवली. ती काठोकाठ भरलेली होती.